गोळीचा कीस

फुंकणी ओठांत धरायची तर तोंडात ओल लागते. सोनारकाम न केलेल्याला हे सांगून पटत नाही. तो म्हणतो, फुंकायला वारा लागतो, थुंकी कशाला? पण कोरड्या ओठांत पितळेची नळी धरून बघा. ती ओठाला चिकटते, श्वास तुटतो, ज्योत थरथरते. सोन्याच्या दोन कड्या जोडायला मध्ये डाख वितळवायचा असतो, तो थरथरत्या ज्योतीने सांध्यात उतरत नाही, बाजूला पसरतो. मग कड्या सोडवा, घासा, पुन्हा जुळवा.

माझ्या तोंडची ओल एका गोळीने नेली होती. आणि त्याच गोळीने मला वाचवलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून तर निर्णय इतका अवघड होता.

माझं गाव कोकणात, खाडीच्या काठावर. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होतो. शाळा तिथेच सुटली. दूरच्या नात्यातल्या एकाने मला अकोल्याला आणून एका सोनाराच्या दुकानात बसवलं आणि तो पुढे निघून गेला. त्या सोनाराला मी काका म्हणू लागलो, त्यांच्या बायकोला काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझं बोलणं त्यांना कळत नव्हतं आणि त्यांचं मला. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "भाकर खाशीन का?" मी घाबरून नाही म्हणालो. भूक तर पोट पिळवटून टाकत होती. घाबरायचा माझा स्वभाव तेव्हापासूनचा, किंवा त्याच्याही आधीचा.

दहा वर्षांत मी काम शिकलो. मग सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरेटच्या वर दागिना करायचा नाही. वऱ्हाडातला शेतकरी चौदा कॅरेटकडे बघून म्हणायचा, "हे तं पितळ हाय बाप्पा." सराफ्यातल्या शेगड्या थंड पडल्या. काका चांदीचे तोडे, करदोडे दुरुस्त करत बसायचे. त्यातलं अर्धं काम ते मला द्यायचे, आणि मला वाटायचं की आपण या दोघांच्या ताटातलं खातो आहोत.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. एकदम काही झालं नाही. दोन-तीन महिन्यांत हळूहळू सगळ्यातली चव गेली. आधी जेवणातली, मग बोलण्यातली, मग सकाळी उठण्यातली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. आईचं पत्र यायचं, ती शाळामास्तरांकडून लिहून घ्यायची. ते मी फोडायचो नाही. रडूही येत नव्हतं. आपण नसलो तर बरं, हा विचार मला त्या दिवसांत अगदी साधा आणि हिशेबी वाटायचा. ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

काकूंनी आधी नजर उतरवली. मग काका एका सकाळी माझ्या अंथरुणाशी येऊन उभे राहिले.

"ऊठ. अमरावतीले जायचं हाय."

"कशाला?"

"दवाखान्यात. तुही माय तिकडे समुद्रावर बसली हाय. उद्या तिनं इचारलं, माहा पोरगा कुठी हाय, तं मी काय सांगू? भिंतीत गेला म्हणून सांगू?"

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला गेलो. राजापेठेत एक डॉक्टर होते, मेंदू आणि मनाच्या आजारांचे. बाहेर पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर कोणी जिना चढलं नसतं. त्यांनी तासभर मला बोलतं केलं आणि गोळ्या दिल्या. तपकिरी, गोल, वरून गुळगुळीत. दिवसाला तीन. म्हणाले, "पंधरा-वीस दिवस काही वाटणार नाही. सोडू नका."

एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी काकूंनी अंबाडीची भाजी केली होती. मी म्हणालो, "मीठ कमी आहे." काकू भाकरी थापायच्या थांबल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मला कळेना मीठ कमी आहे म्हटल्यावर रडण्यासारखं काय. नंतर कळलं.

साडेतीन वर्षं मी त्या गोळ्या घेतल्या. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ आजही वळत नाही.

पण कायदा ढिला झाला, सोनं परत आलं, आणि मी फुंकणी हातात घेतली तेव्हा ती ओठाला चिकटली. गोळीने तोंड सुकायचं. हातही किंचित थरथरायचा. चांदीच्या जाड कामात ते कळलं नव्हतं. मी आईला आमसुलं पाठवायला लिहिलं. डाख द्यायच्या आधी एक आमसूल जिभेखाली धरायचं, सुटलेल्या पाण्यावर दोन-तीन सांधे उरकायचे. आईने मास्तरांकरवी विचारलं, तिकडे एवढी आमसुलं खातोस कशात? मी लिहिलं, इथल्या वरणात चांगली लागतात.

 मला जमत नव्हते ते सांधे काका स्वतः देऊ लागले. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, डाव्यात उतरू लागला होता. डोळा ज्योतीच्या इतका जवळ नेत की भुवई करपल्याचा वास यायचा. तेल्हाऱ्याकडच्या एका घरचं एकदाणीचं काम आलं होतं. पोकळ मण्यांची माळ, प्रत्येक मण्याला बारीक कडी. काका एका कडीला अर्धा तास लावत होते. त्यांना आणखी वर्षभर दिसलं असतं, फार तर दोन. मग त्या शेगडीपाशी मी बसायचं होतं किंवा कोणीच नाही. ज्यांनी मला भिंतीतून ओढून काढलं त्यांचं दुकान माझ्या कोरड्या तोंडापायी बंद पडणार, हे मला बघवेना.

मी डॉक्टरांकडे एकटा गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमी करून बघू. तिनाच्या दोन. दोन महिन्यांनी एक. मग बंद."

तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. थोडं अस्वस्थ वाटलं, निभावलं. शेवटची थांबवली आणि तिसऱ्या दिवशी मी आडवा झालो. मळमळ, घाम, थंडी भरल्यासारखं अंग, नाक वाहतंय, पाय एका जागी ठरत नाहीत. डोळा लागला की इतकी स्पष्ट स्वप्नं की जागा झाल्यावर खाडीचं पाणी अंथरुणात शोधावं. आणि रडू. काकूंनी चहा आणला तरी रडू. मला खात्री पटली की तेच परत आलं. चौथ्या दिवशी मी गोळी घेतली. सहाव्या दिवशी शेगडीपाशी बसलो होतो.

डॉक्टरांना सांगताना मला शरम वाटत होती. म्हणालो, "आजार परत आला होता."

"पहिल्यांदा आला होता तेव्हा किती दिवस लागले यायला?"

"दोन-तीन महिने."

"आणि हा?"

"तिसऱ्या दिवशी."

"आणि गेला?"

"गोळी घेतल्यावर दोन दिवसांत."

"पहिल्या खेपेला गोळी लागू पडायला तीन आठवडे लागले होते. मग हा तोच कसा असेल?" ते चष्मा पुसत म्हणाले, "शरीराला साडेतीन वर्षांची सवय आहे. एकदम काढून घेतलं की ते रुसतं. पुस्तकांत यावर फार लिहिलेलं नाही, पण मी पाहिलंय. आणखी हळू उतरायला पाहिजे होतं. पण याहून लहान गोळी मला इथे मिळत नाही, आणि ही कापली तर चुरा होतो."

मी म्हणालो, "चुरा होणार नाही. मी सोनार आहे."

ते हसले. मग गंभीर झाले. एका वेळी किती कमी करायचं आणि मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं, आणि दर महिन्याला येऊन दाखवायचं कबूल करून घेतलं. हे मी मुद्दाम लिहितो. कोणी माझं वाचून घरी कानस घेऊन बसू नये. जिना चढून जाऊन विचारावं असे एक डॉक्टर माझ्यामागे होते.

दुकानात ग्रॅमची वजनं आली होती, पण काकांचा हात अजून गुंजेवर होता. काचेच्या पेटीतल्या काट्यावर गोळी ठेवली, दुसऱ्या पारड्यात एक गुंज. जवळजवळ बरोबर. गुंजेच्या खाली आम्ही तांदूळ मोजतो, आठ तांदळांची एक गुंज. ठरलं असं की पंधरा दिवसांना एक तांदूळ कमी. रोज सकाळी अंघोळ करून मी एक गोळी चिमट्यात धरायचो आणि सगळ्यात बारीक कानशीने घासायचो, खाली कातडं पसरून. घासून निघेल तो कीस कातड्यावरून झटकून एका पत्र्याच्या डबीत.

डबीत का? कारण सोनार कीस फेकत नाही. आम्ही दुकान झाडतो ती मातीसुद्धा फेकत नाही. वर्षातून एकदा ती विकत घ्यायला माणूस येतो, धुऊन त्यातलं सोनं काढतो. हात धुतलेलं पाणीही आम्ही बादलीत साठवतो. कीस डबीत जातो, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. काकांनी स्वतः डबी शोधून दिली आणि फळीवर ठेवायला लावली, सोन्याच्या किसाची एक, चांदीच्या किसाची एक, आणि ही तिसरी.

दीड महिना गेला. तीन तांदूळ कमी झाले आणि मला काही म्हणता काही झालं नाही. माझी छाती फुगली. काकूंना म्हणालो, "बघितलंत? मन घट्ट केलं की होतं."

काकू फळी पुसत होत्या. त्यांनी डबी उघडली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अहो काकू! औषध आहे ते!"

"कायचं औषध? गोड लागून राहिलं!" त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अवो, आयकलं का? हा कोकण्या दीड महिन्यापासून साखर घासून राहिला!"

काका ऐरणीपाशी होते. तेही आले, त्यांनीही चाखलं. "मुलामा हाय," ते म्हणाले. "वरून साखरेचा मुलामा. सोनार असून तुले मुलामा नाही कळला लेका?"

मीही हसलो. पण माझा सगळा धीर साखरेवर उभा होता. त्या आठवड्यात कानस मुलाम्याच्या खाली उतरली. कीस पांढरा निघाला. जिभेला लावला तर कडू, आणि मग जीभ बधिर.

आता दर उतरणीला पाच-सहा दिवस वाईट जायचे. ते दिवस कसे काढायचे ते आम्ही तिघांनी मिळून शोधलं. त्या दिवसांत बारीक काम नाही. काका मला चांदीची तार ठोकायला द्यायचे, तिथे हात थरथरला तरी चालतं आणि पायांतली तळमळ हातोडीत जाते. मळमळ वाढली की काकू ज्वारीच्या कण्या ताकात कालवून द्यायच्या. सकाळी मोर्णा नदीच्या काठाने चालून यायचं. आणि रडू आलं तर रडायचं. काका म्हणायचे, "तू रड, पण हातोडी थांबवू नोको."

खरी भीती एकच होती, हे रुसणं कुठलं आणि आजार कुठला? एकदा अशाच एका दिवशी काकूंनी आणलेला चहा मी घोटभर घेतला आणि कप आपटला. "किती फिका! चहा आहे की गरम पाणी?"

बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली. काकूंनी मात्र कमरेवर हात ठेवले. "चिडला तू?"

"चुकलं काकू."

"चुकलं नाही. चीड. थ्या आजाराच्या खेपेले मी तुले आठ दिवस बिनसाखरेचा चहा देल्ला होता, पाहासाठी. तू एक अक्षर नाही बोलला."

ही गोष्ट त्यांनी तोवर मला सांगितली नव्हती. त्यानंतर वाईट दिवशी मी स्वतःला विचारायचो, चहा कसा आहे? उत्तर मिळालं की अर्धी भीती उतरायची. अर्धी राहायचीच.

मग उन्हाळ्यातली लग्नसराई आली आणि मी ती चूक केली.

गोळीचे तीनच तांदूळ उरले होते. एकदाण्या, पोती, डोरली, गिऱ्हाईक दारात बसून. काकांना डाव्या डोळ्यानेही धूसर दिसू लागलं होतं. माझं तोंड थोडं ओलावलं होतं, हात बरा होता, आणि नेमके उतरणीचे दिवस. एका दुपारी ज्योत चार वेळा तुटली. काका शेजारच्या दुकानात गेले होते. मी फळीवरची डबी उघडली, चिमूटभर कीस जिभेवर टाकला आणि पाणी प्यायलो. संध्याकाळपर्यंत मी शांत होतो. किसाने की नुसत्या चिमटीने, देव जाणे. चार दिवसांनी पुन्हा. मग दोन दिवसांनी. चिमटीला वजन नसतं. कधी साखर जास्त यायची, कधी कडू जास्त. शरीराला आज भरपूर, उद्या काहीच नाही. मी आधी कधी नव्हतो इतका आजारी पडलो. आणि हे मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना म्हणालो, "तीन तांदळांच्या खाली मला जमत नाही. मी जन्मभर घेईन, पण हे पुरे." ते बुचकळ्यात पडले. त्यांच्या कागदाप्रमाणे असं व्हायला नको होतं.

महिनाअखेरीला काका सगळ्या किसांच्या डब्या तोलत. त्या दिवशी तोलता तोलता ते तिसरीपाशी आले. मी चांदी ठोकत होतो. काटा थांबेपर्यंत ते पेटीच्या काचेला डोळा लावून होते.

"इकडे ये."

गेलो.

"रोजचे पाच तांदूळ निघतात ना?"

"हो."

"तीस दिवसाचे दीडशे. म्हंजे अठरा गुंजा न् वरून थोडंसं. गेल्या महिन्याच्या वजनावर वाढल्या किती माहीत हाय का? अकरा."

सोनाराच्या पोराला यापरतं काही सांगावं लागत नाही. किसाला हात लावणं ही आमच्यातली एकच चोरी, जिला माफी नाही. इतक्या वर्षांत सोन्याचा कण माझ्या नखात राहिला नव्हता. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं.

काकांनी डबीचं झाकण लावलं. "मले वाटलं होतं, उंदीर लागला," ते म्हणाले.  मग म्हणाले, "माहं काही गेलं नाही रे यात. तुहं गेलं. चार महिने घासलं न् महिनाभरात परत पोटात भरलं."

"आता काय करू?"

"काय करू म्हंजे? डाख पसरला तं काय करतो? सोडव, घास, पुन्हा जुळव." डबी हातात फिरवत ते पुढे म्हणाले, "अन् मी तरी काय केलं? मीच ठेवाले लावली हे इथं. डाकटरनं नाही सांगतलं ठेव म्हणून. कीस फेकवत नाही आपल्याच्यानं."

ते खरं होतं. डबी दोघांच्या मध्ये होती आणि ती रिकामी करायला दोघांतला कोणी उठत नव्हता. मी उठायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण कीस मोरीत टाकायचा या कल्पनेनेच हात जड झाला. शेवटी काकूंनी आतून सगळं ऐकून बाहेर येऊन डबी उचलली.

"दोन दोन सोनार न् एक डबी उठत नाही," म्हणाल्या, आणि मोरीत उपडी करून वरून तांब्याभर पाणी ओतलं. काकांनी तोंड फिरवलं. मीही.

पुढच्या खेपेला काका माझ्याबरोबर अमरावतीला आले आणि डॉक्टरांसमोर मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणजे तुम्हाला जमत नव्हतं असं नाही. तुम्ही उतरतच नव्हता." त्यांनी मला चार तांदळांवर महिनाभर थांबवलं, आणि मग अर्धा अर्धा तांदूळ. कीस आता काकूंच्या समोर मोरीत जायचा. पहिले काही दिवस मी डोळे मिटून टाकायचो.

संक्रांतीनंतर केव्हातरी शेवटचा कण उरला, इतका लहान की चिमट्यात धरता येईना. दुसऱ्या दिवशी तोही नव्हता. वाईट दिवस आले, पाच-सहाऐवजी दहा. मी तार ठोकत राहिलो. मग ते गेले. त्यानंतर चार महिने मी दररोज सकाळी भिंतीकडे बघून अंदाज घ्यायचो, चहाची चव घेऊन बघायचो. आजार आला नाही. पुढे कधी आलाच नाही असं मी म्हणणार नाही. बऱ्याच वर्षांनी एकदा आला, तेव्हा मी न लाजता गोळ्या घेतल्या आणि तशाच हळूहळू उतरलो.

पण त्या वर्षीचं सांगायचं राहिलं. वैशाखात तेल्हाऱ्याच्या त्याच घरचं दुसरं काम आलं, धाकट्या मुलीची एकदाणी. काकांना तोवर ज्योत दिसायची, कडी दिसत नव्हती. त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला आणि शेजारी बसून राहिले. मी कड्या जुळवल्या, डाख नीट वाहावा म्हणून टाकणखार लावला, फुंकणी धरली. एक सांधा, दुसरा, तिसरा. काकांनी माळ हातात घेतली आणि डोळे मिटून प्रत्येक सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवत गेले. डाख कुठे चढला असेल तर नख अडतं. ते शेवटच्या मण्यापर्यंत गेले आणि उलटे परत आले.

"अडून नाही राहिलं," म्हणाले.

उठताना पाटाच्या कोपऱ्यावर मला आमसूल दिसलं. सकाळी सवयीने काढून ठेवलं होतं, ते तसंच होतं. काकूंनी ते उचलून वरणात टाकलं.